ताणा

मल्हारी धायगुड्यांनी जीभ बाहेर काढली
आणि मी वहीत लिहिलं:
लेप पिवळा, मुळाशी दाट,
आत कुठेतरी उष्णता साठलेली.
मग आठवलं, हे इंदूर आहे.
"सकाळी काय खाल्लंत?"
"पोहे. वर जिरावण, शेव.
जिलबी नाही हो, शुगर आहे."
मी पिवळा खोडला.

लिऊ काका म्हणायचे,
पेशंट जिना चढतो तेव्हाच त्याला पाहून घ्यायचं,
खुर्चीत बसला की माणूस सभ्य होतो.
टांगऱ्याच्या त्या गल्लीत, ओल्या कातड्याच्या दर्पात
मी त्यांच्याकडे दोन हिवाळे काढले.
ऐकणं आणि वास घेणं
याला त्यांच्या भाषेत एकच शब्द.
तेव्हा हसले होते मी.
आता परदेशीपुऱ्यातल्या या खोलीत डोळे मिटून बसते
आणि धायगुड्यांच्या खोकल्याला
कोरड्या कापसाचा वास येतो.
बोलतात मात्र ओरडून,
भोवती अजून दोनशे साचे धडधडत असल्यासारखे.

थंडी वाजते? नाही.
घाम? जिन्यावर.
तहान? चहाची.
झोप?
"साडेतीनला डोळे उघडतात. रोज."

तीन ते पाच ही फुप्फुसांची वेळ,
आणि फुप्फुसांत शोक राहतो,
काकांचं घड्याळ असं चालतं.
म्हणून आवाज खाली आणून विचारलं,
"घरातलं कुणी गेलंय का?"
"काय?"
मला ओरडावं लागलं. खालचा शिंपी मशीन थांबवून ऐकत राहिला.
"छे हो! पहिली पाळी.
डबा, सायकल, भोंग्याच्या आत गेटावर."
"मिल बंद होऊन किती वर्षं झाली?"
ते बोटांवर मोजू लागले,
दुसऱ्या हातावर आले,
आणि मग नुसतेच हात बघत राहिले.

उजवं मनगट. तीन बोटं.
पहिल्या बोटाखाली फुप्फुसं.
तिथे नाडी खरखरत येते,
सुरीनं बांबू खरवडावा तशी, थांबत, अडत.
नीट कळेना. मी अजून दाबलं.

"बाई, फार दाबताय."
"खोलवर बघायचं असतं."
"दाबला की धागा खोटं बोलतो.
ताणा कसा बघतात दाखवू?"
आणि मी काही म्हणायच्या आत
माझंच मनगट त्यांनी टेबलावर उलटं ठेवलं.
चामड्यासारखी बोटं, पण वजन नव्हतंच त्यांना.
आधी वरवर, नुसती वाऱ्यावर ठेवल्यासारखी.
मग जराशी खाली.
मग थांबली.
वरवर, मधे, खोल:
हे तीन मजले शिकायला मला दोन हिवाळे लागले होते,
हा माणूस ते आठ तासांच्या पाळीत
उभ्या उभ्या शिकला होता.

खाली शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं.
"एक गाठ आहे," ते म्हणाले,
पहिल्यांदाच हळू आवाजात.
"घाईत मारलेली.
कापड निघतं अशा गाठीनं,
पण फणीतून जाताना दर वेळी लागते."

मी हात काढून घेतला.
विचारणं हासुद्धा तपासणीचाच भाग,
त्यांनी मात्र काही विचारलं नाही.
जिना उतरताना चौथ्या पायरीवर थांबले,
ते मी पाहिलं, ऐकलंही.

वहीत लिहिलं:
उजवी, पहिली जागा, अडखळती.
पहाटे साडेतीन.
जिभेचा रंग परवा पाहणे, पोह्यांच्या आधी.
बोटं हलकी ठेवणे.

मग दिवा मालवून बराच वेळ
डाव्या हाताची तीन बोटं
उजव्या मनगटावर ठेवून बसले.
सापडली नाही.
दाबत असेन अजून.